वेचणीच्या दिवसांतली भाषणं

दसरा होऊन गेला की आमच्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या दिसायला लागतात. बाभळीला पांढरी फुलं कुठली? जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून कापसाचे पुंजके उडतात आणि काट्यांना लटकून राहतात. पूर्वी बैलगाड्या असत, आता ट्रक आले. वेग वाढला तसे पुंजकेही जास्त उडतात, एवढाच फरक. सकाळी दार उघडलं की सरकीचा तो तेलकट, किंचित कोंदट वास घरात येतो, आणि मला बसल्या जागी थकवा येतो. वय झालं म्हणून येतो असं आता म्हणता येईल. पण मी पस्तिशीत होते तेव्हाही या वासानं मी अशीच थकत असे.

काल वाचनालयातले दोघेजण येऊन गेले. व्याख्यानमाला ठरते आहे. त्यातला एक म्हणाला, "बाई, उद्घाटनाला तुम्हीच पाहिजे. बुऱ्हानपुरात आता जुनं बोलणारं और कोण उरलंय?" दुसरा म्हणाला, "विषय कोणताही चालेल, बस आधा घंटा." मी नाही म्हटलं. घसा साथ देत नाही असं कारण दिलं. कारण खोटं नव्हतं. घसा खरोखर गेलेला आहे. पण विषय कोणताही चालेल म्हणणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत. त्यांना बोलणं हवं नसतं, बोलणारं कुणीतरी हवं असतं. टेबलावर चादर, तांब्यात पाणी आणि खुर्चीत एक माणूस.

ती पोरं गेल्यावर मी चहाचा कप तसाच घेऊन पायरीवर बसले. समोरून एक ट्रक गेला. आणि मला लढाईच्या वेळचा तो एक हंगाम आठवत राहिला.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझं कथांचं एक पुस्तक जळगावला छापून झालं होतं. ते वाचलेलं माणूस मला फारसं भेटलं नाही, पण पुस्तक निघालं एवढ्यावर लोकांनी ठरवून टाकलं की जिला लिहिता येतं तिला बोलताही येणार. आधी वाचनालयानं बोलावलं, मग गणपतीत, मग हळदीकुंकवाला, मग खेड्यांतून. बाई बोलणार म्हटलं की गर्दी होई. त्यातली निम्मी ऐकायला येई आणि निम्मी बाई कशी बोलते ते बघायला. परिचय करून देणारे वकील नाहीतर हेडमास्तर माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलत. त्यात माझ्या पुस्तकाचं नाव हमखास चुके. मग मी उभी राही. ध्वनिक्षेपक वगैरे काही नसे. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोटातून फेकावा लागे. परत येताना हातात खण-नारळ आणि घशात जाळ. ज्येष्ठमधाची काडी मी पदराच्या टोकाला बांधूनच ठेवत असे.

आमचे हे तहसील कचेरीत कारकून होते. मी सभेहून आले की ते काही विचारत नसत. गरम पाण्यात मीठ घालून पेला पुढं करत. एकदा म्हणाले, "तू घरी हल्ली खुणांनीच बोलतेस. बाहेरच्यांना सगळे शब्द देऊन येतेस वाटतं." तक्रार नव्हती त्यात. म्हणून जास्त लागलं.

लढाई सुरू झाली आणि जळगावच्या एका साप्ताहिकानं मला दर आठवड्याला जगाच्या घडामोडींवर लिहायला सांगितलं. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी, शाळेतला भूगोलाचा नकाशा आणि मुंबईहून एक दिवस उशिरा येणारा पेपर, एवढी माझी शिदोरी. तरी ते सदर लोकांना आवडलं. कारण मी सोपं लिही. आफ्रिकेतलं टोब्रुक कुठं आहे ते सांगताना तिथं पाणी कुठून येत असेल, हेही मला लिहावंसं वाटे. आमच्या गावाला जमिनीखालच्या कुंड्यांचं पाणी. दुसऱ्या गावाचं पाणी कुठून येतं हा प्रश्न आम्हाला आधी पडतो.

सिंधीपुऱ्यात राधाकिसन शेठ म्हणून कापसाचे व्यापारी होते. त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. संध्याकाळी ते तो ओटीवर आणून ठेवत आणि खाली रस्त्यावर माणसं जमत. हिंदुस्थानी बातम्यांतले अवघड शब्द डोक्यावरून जात. मुंबईचं मराठी कधी लागे, कधी नुसती खरखर. इंग्रजी मात्र स्वच्छ ऐकू येई. शेठ एकदा आमच्या घरी आले आणि ह्यांना म्हणाले, "मास्तरीणबाईंना म्हणा, शाम को जरा येऊन सांगत जावं. लोक माझ्या तोंडाकडे बघतात, अन् मला तर एक अक्षर समजत नाही."

मी जाऊ लागले. ओटीवर रेडिओ, त्याच्याजवळ मी आणि खाली शंभरेक माणसं. रेडिओ बोलायचा तोवर सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघत. बातम्या संपल्या की मी त्या मराठीत सांगायची. विणकर असत, हमाल असत, दुकानं बंद करून आलेले वाणी असत, आणि कापसाच्या दिवसांत गाड्या घेऊन आलेले शेतकरी. त्यांच्या मुंडाशांवर, मिशांवर कापूस. बैल खांबांना बांधलेले. हवेत इतका कापूस तरंगत असे की दिव्याभोवती धुकं असल्यासारखं वाटे. बोलताना तो तोंडात जाई. त्या हंगामात मी जे जे बोलले, ते सगळं कापूस गिळत बोलले.

प्रश्नही येत. रॉकेल कधी मिळेल? साखर येणार का? आणि सगळ्यात जास्त म्हणजे, "बाई, लढाई कब खतम होगी?" जणू काही ते माझ्या हातात होतं.

रुखमाबाई मला तिथंच भेटली. तुकईथड गावची. नवरा नव्हता, दीर गाडी हाकायचा आणि ती कापसाच्या ढिगावर बसून यायची. पहिल्या दिवशी सगळे पांगल्यावर ती ओटीच्या पायरीशी आली.

"बाई, तुमाले सिंगापूर माहीत हाय का?"

"नकाशावर माहीत आहे. का हो?"

"माहा नामा तिथी हाय. मोटर चालवाले शिकवतात म्हणून फौजेत गेला. घरचे बैल त्याले हाकू वाटे ना, मोटर पायजे होती." हे सांगताना ती हसली. पोराच्या हट्टाचा अभिमान असतो ना आयांना, तसं. "कसं हाय ते गाव?"

मी तिला सांगितलं, बेट आहे, चारी बाजूंनी समुद्र, मोठं बंदर, भक्कम किल्ला आहे असं पेपरवाले म्हणतात.

"आशीरगडासारखा?"

"लोक म्हणतात त्याहून पक्का."

तिनं समाधानानं मान हलवली आणि गेली. आशीरगडही शेवटी शत्रूच्या हातात गेलाच होता, हे माझ्या मनात आलं. ते तिला सांगायची काही गरज नव्हती.

मग ती येतच राहिली. जिनिंगला कापूस आणायचा असला की येई, आणि नसला तरी बाजाराचं निमित्त काढून येई. येताना हरभऱ्याची भाजी, एखादं पपनस, केळीचा फणा. घ्यायला नको म्हटलं तर रागावे. ओटीच्या अगदी पुढं, माझ्या पायांजवळ बसे. तिला जगातल्या बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. रशियाचं सांगत असले की ती हाताला लागलेली बोंडाची कवचं सोलत राही. मी पूर्वेकडं वळले की हात थांबत.

त्या हिवाळ्यात मी पूर्वेकडं जास्तच वळू लागले. जपान लढाईत उतरला होता. रोज नवीन गावाचं नाव येई आणि ते सिंगापूरच्या आणखी जवळचं असे. ती नावं मी उच्चारायची, तेव्हा खाली बसलेल्या त्या बाईकडं बघायचं टाळायची. हाडं गोठवणारी थंडी होती. तापीवर सकाळी वाफ धरायची. शाळा, मग खेड्यातली भाषणं, मग ओटी. खकनारला बोलून आले, बहादरपूरला बोलून आले. सगळीकडं विषय एकच: युद्ध आणि आपण. मी रंगून बोलत असे, लोक टाळ्या वाजवत. परतताना गाडीत मान एका बाजूला पडे. वाटे, हे सगळं मी कुणाच्या जिवावर बोलते आहे?

त्याच सुमाराला सरकारी बाजूनं निरोप आला. गावातल्या बुधवाऱ्यात मोठी सभा होणार, साहेब येणार; बायकांच्या वतीनं मी बोलावं, लोकांना धीर द्यावा, अफवांवर विश्वास ठेवू नका असं सांगावं. ह्यांनीच तो निरोप आणला. टोपी खुंटीला लावत म्हणाले, "नाही म्हणालीस तरी चालेल. पण हो म्हणालीस तर मला कचेरीत जरा बरं जाईल." मी हो म्हटलं. धीर देण्यात वाईट काय होतं?

सभेला अजून चार-पाच दिवस होते. हंगाम संपत आला होता, शेवटची फरदड, झाडांवर मागाहून फुटलेला कापूस, तेवढी येत होती. दिवेलागणीला मी ओटीवर गेले तर नेहमीपेक्षा जास्त गर्दी. पेपर आलेला नव्हता, पण स्टेशनवरून काहीतरी कुणकुण गावात पसरली होती. हे कचेरीतून परस्पर आले होते आणि समोरच्या खांबाला टेकून उभे होते. रुखमाबाई तिच्या जागेवर.

रेडिओ बोलू लागला. इंग्रजी न येणाऱ्या माणसांनाही गावाचं नाव कळतं. सिंगापूर हा शब्द आला आणि सगळी गर्दी एकदम हलली, जशी वाऱ्यानं कापसाची पऱ्हाटी हलते. पुन्हा आला, पुन्हा आला. बातम्या संपल्या. शेठनी पुढं होऊन रेडिओ बंद केला आणि माझ्या कानाशी वाकले.

"बाई, आज रहने दो. काही सांगू नका."

"का?"

"रेडिओचं लायसन माझ्या नावावर आहे. उद्या पेपरात येईल, लोग पढ लेंगे. आपल्या तोंडून कशाला? तुमच्या साहेबांचीही नोकरी सरकारी."

ते वाईट मनानं म्हणत नव्हते. मी समोर पाहिलं. ह्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला होता. म्हणजे ते मला खूण करणार नव्हते, हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. आणि खाली ती सगळी माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती.

काहीतरी दुसरं सांगता आलं असतं. रशियाचं सांगता आलं असतं. पण रुखमाबाईचे हात थांबलेले होते.

मी म्हटलं, "सिंगापूर पडलं. आपल्या फौजेनं हत्यारं खाली ठेवली."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे हार गये?"

"हो."

रुखमाबाई उभी राहिली. "पडलं म्हंजे काय बाई? भित पडली का?"

"नाही, रुखमाबाई. ते शहर जपान्यांच्या ताब्यात गेलं."

"मंग पोरं?"

"कैद झाली असतील."

"असतील काहून म्हनता? झाली का नाही थे सांगा ना."

"मला माहीत नाही."

इतकी वर्षं उंचावर उभं राहून बोलत होते. हे वाक्य त्याआधी माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. व्याख्यात्याला ते शोभत नाही असं समजतात. रुखमाबाई माझ्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे. तिला खरंच प्रश्न पडला होता.

"तुमालेच माहीत नाही," ती म्हणाली, "तं मंग मी कोनाले इचारू?"

तिच्या दिरानं तिला दंडाला धरून गाडीकडं नेलं. गाडी रिकामी झालेली होती. ती त्या रिकाम्या गाडीत बसली, तोंड मागं करून, आणि गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत माझ्याकडंच बघत होती.

पुढं जे झालं ते काही मोठं नाही, पण आमच्या घरापुरतं पुष्कळ होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या जगाला ठाऊक झालेली बातमी आदल्या संध्याकाळी सांगण्यात गुन्हा तो काय? तरी ह्यांना कचेरीत विचारणा झाली. घरी येऊन म्हणाले, "विचारत होते, तुमच्या घरातलं कोण बातम्या सांगतं म्हणून."

"मग?"

"म्हटलं, बातम्या रेडिओ सांगतो. आमची मंडळी फक्त त्याचं मराठी करते."

आम्ही दोघं हसलो. महिन्याभरात त्यांची बदली हरसूदला झाली. कारण कुणी दिलं नाही. माझी शाळा इथं होती, म्हणून मी राहिले. ते तिकडं खोली घेऊन हातानं भाकरी थापू लागले. शेठनी रेडिओ ओटीवरून उचलून आतल्या खोलीत नेला. मला रस्त्यात भेटले की ते नमस्कार करत आणि नजर चुकवत. साप्ताहिकानं कळवलं, कागदाचा तुटवडा आहे, सदर तूर्त थांबवतो. कागदाचा तुटवडा खरोखरच होता. म्हणून मला आजही ठाऊक नाही की ते सदर कशामुळं थांबलं.

बुधवाऱ्यातली सभा ठरल्याप्रमाणं झाली. माझ्या जागी बाहेरगावचे एक वक्ते आले होते. मी बायकांत मागं उभी राहिले. गृहस्थ फार छान बोलले. सिंगापूर गेलं तरी काही बिघडत नाही, असं त्यांनी पटवून दिलं. टाळ्या पडल्या. माझ्याही हातांनी सवयीनं दोन वाजवल्या. घरी आले, दिवा लावला आणि लक्षात आलं, उद्या मला कुठंच बोलायचं नाही, परवाही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आणि त्या सुटण्यातच काहीतरी गमावल्यासारखंही वाटलं. बैलाला जू काढल्यावर तो लगेच चालायला लागत नाही. काही वेळ तसाच, मान खाली घालून उभा राहतो.

ती वर्षं मी जवळजवळ मुकी काढली. शाळेत शिकवायची तेवढं बोलायची. शनिवार-रविवार हरसूदला जायची, नाहीतर हे यायचे. आम्ही तिकडं ओट्यावर बसून राहायचो. त्यांना माझ्या गप्प असण्याची सवय होती. पण आताचं गप्प असणं निराळं होतं. "काहीतरी बोल ना," ते एकदा म्हणाले. पूर्वी हे वाक्य त्यांनी कधी म्हटलं नव्हतं.

रुखमाबाई मात्र दर वेचणीला यायची. ओटी बंद झाली होती, म्हणून घरी यायची. ह्यांच्याकडून आम्ही फौजेच्या कचेरीला विचारणा करवली. उत्तर आलं, बेपत्ता. मी तिला तो शब्द समजावून सांगितला. बेपत्ता म्हणजे मेला नाही. बेपत्ता म्हणजे जिवंत आहे असंही नाही. ती म्हणाली, "म्हंजे सरकारलेही माहीत नाही." या गोष्टीनं तिला उलट थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं, कारण माहीत नसलेली मी एकटीच नव्हते. मग ती चहा प्यायची, पऱ्हाटीचं सांगायची, बोंडअळीचं सांगायची, आणि जायची. मी फक्त ऐकायची. तिच्यासारखा माणूस पुढं बसला असताना ऐकण्याखेरीज काय करणार?

आज हे लिहिताना वाटतं, माझं खरं शिक्षण त्या तीन-चार हंगामांत झालं. पण शिक्षण वगैरे शब्द मोठे आहेत. मी नुसती थकून बसले होते आणि ती बोलत होती, एवढंच.

लढाई संपली. हे बदलून परत आले, केस पांढरे करून. त्यानंतरच्या वेचणीत एक दिवस दुपारी रुखमाबाई दारात उभी. हातात काही नाही, पायात धूळ.

"बाई, नामा आला."

मी तिला हाताला धरून आत ओढलं. ती बसली नाही. म्हणाली, "गावात सत्कार हाय. पाटील म्हनते, बाईले बोलवा भाषनाले. तुमी याच."

"रुखमाबाई, मी आता भाषणं करत नाही."

"मले भाषन नको," ती म्हणाली. "पोरगं झोपत नाही बाई. आल्यापासून डोळ्याले डोळा नाही. बोलतही नाही. मी इचारलं तं नुसतं बघते माह्याकडं. तुमाले लय गोष्टी माहीत. तुमी त्याच्याशी बोलून पाहा."

खकनारपर्यंत कोळशावर चालणारी मोटर होती. चढ आला की उतारू उतरून ढकलत. पुढं बैलगाडी. दोन्ही बाजूंना पांढरीशुभ्र शेतं, आणि त्यांत वाकलेल्या बायका, कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस भरताना. मधेच एखादी ताठ होऊन गाडीकडं बघे, कमरेवर हात ठेवून.

शाळेच्या पडवीत सत्कार होता. नामदेव मधल्या खुर्चीत. पंचविशीचा असेल, गालफडं आत गेलेली, मानेच्या शिरा दिसत होत्या. हार इतके घातले की तो त्यांत बुडाल्यासारखा वाटत होता. पाटील त्याच्या शौर्यावर बोलले, मास्तर बोलले. एकानं विचारलंही, "शेवटी तू कोणाकडून लढला रे, इंग्रजाकडून का इंग्रजाविरुद्ध? सांग ना सगळ्यांले." त्याला दोन शब्द बोलायला उभं केलं. तो उभा राहिला. समोरच्या माणसांवरून त्याची नजर फिरली. ओठ उघडले, मिटले. बराच वेळ तो तसाच उभा होता आणि सगळं गाव वाट बघत होतं. मग तो खाली बसला.

पाटील माझ्याकडं वळले. "बाई, तुम्हीच सांगा आता. त्यानं काय काय भोगलं असेल ते."

जुनी सवय. मी उठले. मला सगळं बोलता आलं असतं. बेटाचा नकाशा पाठ होता. कैदेतल्या लोकांचं पुढं पेपरांत काय काय छापून आलं ते मी वाचलं होतं. पाच मिनिटांत मी त्या पडवीला रडवलं असतं. नामदेव माझ्याकडं बघत होता. कचेरीत नाव पुकारायची वाट बघणारी माणसं बघतात, तसा.

मी म्हटलं, "नामदेव घरी आला, याचा आनंद आहे. त्यानं काय भोगलं ते मला माहीत नाही." आणि बसले. लोक थोडे हिरमुसले. मास्तरांनी आभार मानले, पेढे वाटले आणि सगळे पांगले.

मुक्काम रुखमाबाईकडंच होता. सकाळी ती वेचणीला निघाली तशी मीही शेतात गेले. बांधावर एक निंब होता. त्याच्याखाली पोत्यांवर आदल्या दिवशीचा कापूस पसरलेला, आणि कडेला नामदेव उकिडवा बसलेला. मी थोडी दूर बसले. बायका तासांतून, पऱ्हाटीच्या ओळींमधून, पुढं सरकत होत्या. बोंडांतून कापूस सुटतो तो आवाज नसतोच जवळजवळ, पण पुष्कळ हात चालत असले की ऐकू येतो.

मग तोच बोलला.

"आई म्हनते तुमी लय बोलता."

"बोलत होते. आता नाही."

"मंग मले सांगा."

"काय सांगू?"

तो गवताची काडी मोडत राहिला. "मी नव्हतो तवा इकडं काय काय झालं? लढाईचं नका सांगू."

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. लोकांना माझ्याकडून लांबचं हवं असे. मी जरा चाचरतच सुरुवात केली. एका वर्षी तापी किती चढली होती, ते सांगितलं. राजघाटाच्या पायऱ्या कशा दिसेनाशा झाल्या. तुमच्या काकांचा तांबडा बैल जिनिंगच्या दारात बसला आणि उठेना, तेव्हा हमालांनी त्याला जिलबी खाऊ घातली आणि तो उठला. तो किंचित हसल्यासारखा झाला. "कोन्ता? मोऱ्या?" "नाव नाही माहीत." "मोऱ्याच. त्याले गोड लागते." मी पुढं सांगत गेले. साखर मिळत नव्हती तेव्हा गुळाच्या चहाला बुधवाऱ्यातला हॉटेलवाला काय म्हणायचा. शाळेतल्या एका मुलीनं पोपट आणला आणि तो वर्गात हजेरी द्यायला लागला. नामदेव आडवा झाला, कापसावर डोकं टेकून, वर निंबाकडं बघत. त्याची नजर जड होत गेली. मग एका वाक्याच्या मध्येच त्याचे डोळे मिटले.

माझी वाक्यं ऐकता ऐकता कुणी झोपलं तर पूर्वी मला राग यायचा. मी थांबले. त्याबरोबर त्याच्या पापण्या हलल्या, बोटं आवळली.

रुखमाबाई कधी येऊन मागं उभी राहिली होती मला कळलं नव्हतं. कमरेचा ओटा कापसानं भरलेला. तिनं तोंडावर बोट ठेवलं, आणि मग हातानं, चालू द्या, चालू द्या, अशी खूण केली.

"थांबू नका बाई," ती अगदी हळू म्हणाली. "तुमी थांबल्या की जागा होईन थो."

म्हणून मी बोलत राहिले. गावाच्या गोष्टी संपल्या तेव्हा दुकानांची नावं सांगितली, एकापुढं एक, फाटकापासून मंडईपर्यंत. कुणाच्या दुकानात काय मिळतं ते सांगितलं. तेही संपलं तेव्हा जिलबीचं पीठ कसं भिजवतात ते, मग भरताची वांगी कशी भाजतात ते. वेचणाऱ्या बायका तास संपवून बांधाशी आल्या, बघितलं आणि एकमेकींना कोपर लावत गुपचूप दुसऱ्या तासाला वळल्या. माझा आवाज बसत चालला होता. सावली सरकली, ऊन त्याच्या पायांवर आलं, मग गुडघ्यांवर, मग छातीवर. रुखमाबाई त्याच्या उशाशी जाऊन उभी राहिली. तिनं दोन्ही हातांनी पदर ताणून त्याच्या तोंडावर सावली धरली आणि माझ्याकडं बघितलं. मी पुढचं सांगायला घेतलं.